कोल्हापुरातून गणिती परिसंस्थाशास्त्राकडे वळताना

गणिती मॉडेल वापरून परिसंस्था आणि समाज यांचा अभ्यास करण्याचे करिअर निवडायचे असेल, तर पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच एक प्रश्न हाती घ्यावा आणि तो रोज नजरेस पडणारा असावा. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला रंकाळा तलावातील केंदाळ, म्हणजेच जलपर्णी, यापेक्षा चांगला प्रश्न मिळणे अवघड आहे.

पोषक परिस्थितीत जलपर्णीचा पसारा सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. आज तलावाचा आठवा भाग झाकलेला असेल, तर याच वेगाने सहा आठवड्यांत सगळे पाणी झाकले जाईल. प्रत्यक्षात जागा संपत आली की वाढ मंदावते, आणि अशी मंदावणारी वाढ मांडणारे समीकरण बेल्जियन गणितज्ञ फेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्येच दिले आहे. आता या वाढीच्या वेगातून केंदाळ उपसण्याचा वेग वजा करावा. दोन आठवड्यांत दुप्पट म्हणजे दिवसाला साधारण पाच टक्के वाढ, त्यामुळे पसारा लहान असताना रोज त्याच्या पाच टक्क्यांहून अधिक केंदाळ बाहेर काढले, तरच ते हटू लागते. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस रोखले, तर मात्र वाढीचा वेगच उतरतो. उपसणे आणि रोखणे यांतला हा फरक आकड्यांत दाखवता येणे, हेच माझ्या मते या विद्येचे खरे मोल आहे.

यानंतर समीकरणात माणसे आणावीत. केंदाळ डोळ्यांत भरल्यावर तक्रारी होतात, मग निधी मंजूर होतो, मग यंत्रे येतात. हा विलंब मॉडेलमध्ये घातला की पसारा स्थिर न राहता वरखाली होताना दिसू शकतो. सामाईक साधने लोक स्वतः नियम करून कशी सांभाळतात, यावरील कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. समाजाची बाजू समजून घेण्यासाठी त्यांचे लेखन अवश्य वाचावे.

शिवाजी विद्यापीठात गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र असे कोणतेही दार चालेल, पण विकलक समीकरणे (बदलाचा वेग मांडणारी समीकरणे), संभाव्यता आणि पायथन किंवा आर यांपैकी एक संगणकभाषा यांना पर्याय नाही. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील परिसंस्थाशास्त्र केंद्र किंवा पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) यांचा विचार करावा. पुण्याचे माधव गाडगीळ यांनी हार्वर्डमध्ये गणिती परिसंस्थाशास्त्रात पीएचडी केली आणि पुढे देवरायांवर व पश्चिम घाटावर काम केले; समीकरणे आणि रानवाट एकाच आयुष्यात सामावू शकतात, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

मॉडेल पडताळण्यासाठी सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे मोफत मिळतात आणि त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. पावसाळ्यात ढगांमुळे ती बहुधा कामी येत नाहीत, म्हणून त्या महिन्यांत तलावाच्या काठावरील ठरावीक जागांवरून दर आठवड्याला छायाचित्रे घ्यावीत, अंदाज व प्रत्यक्ष यांतील तफावत तारखेसह वहीत लिहावी आणि संशोधनासाठी अर्ज करताना ती नोंद सोबत जोडावी.