पाडला जाणारा वाडा आणि त्यावरची कलाकृती

चित्रकाराने 'बदलते कोल्हापूर' असा विषय घेऊन कामाला बसू नये. एवढ्या रुंद शब्दाखाली हाताला काहीच लागत नाही आणि शेवटी कागदावर एका बाजूला कौलारू घर, दुसऱ्या बाजूला टोलेजंग इमारत आणि मध्ये उदास म्हातारा एवढेच उरते. असे चित्र शिवाजी पेठेत पाऊल न टाकताही काढता येते. त्याऐवजी एकच वाडा निवडावा, शक्यतो ज्याचा बिल्डरशी करार झालेला आहे पण जो अजून उभा आहे असा, आणि घरच्यांची रीतसर परवानगी घेऊन तिथे किमान महिनाभर जात राहावे.

पहिले आठ-दहा दिवस केवळ रेखाटन करावे. सोपा (म्हणजे पुढची ओसरी), माजघर, देवघर, न्हाणी, परडे (मागचे अंगण) यांचा आराखडा पावलांनी मोजून वहीत उतरवावा आणि प्रत्येक जागेपुढे तिथे दिवसाच्या कोणत्या वेळी कोण असते, हे लिहून ठेवावे. मोबाइलवर फोटो जरूर काढावेत, पण रेखाटन झाल्यानंतर. आधी फोटो काढले की नजर आळसावते.

त्यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि मी स्वतः तो पहिल्या वेळी चुकवला होता. अशाच एका वाड्यावर केलेल्या माझ्या चित्रमालिकेत सागवानी खांबांचा सोपा मोठ्या प्रेमाने रंगवलेला होता. प्रदर्शनाला त्या घरातील थोरल्या सूनबाई आल्या, बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सोपा लई छान काढलाय दादा, पण आम्ही कधी सोप्यावर बसलोय?" महिनाभर मी सोप्यावरच बसलो होतो आणि बोललो होतो तेही तिथे बसणाऱ्या पुरुषांशीच. वाडा जाताना सोप्यावरची उठबस जाते हे खरे आहे. पण एका चुलीच्या चार चुली होतात, परड्यातील संडास घरात येतो आणि एखाद्या सुनेला आयुष्यात प्रथमच आतून कडी लावता येईल अशी खोली मिळते, हाही त्याच बदलाचा भाग आहे. म्हणून घरातील प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्रपणे दोनच प्रश्न विचारावेत: नव्या घरी काय घेऊन जाणार, आणि काय इथेच राहिले तरी चालेल? भाडेकरूंनाही विसरू नये, कारण करारात त्यांचे काय झाले यावर पुष्कळदा सगळी गोष्ट अवलंबून असते. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यावर काम करू पाहणाऱ्यालाही हेच पथ्य पाळावे लागेल. बांगड्या फोडणारे हात रंगवणे सोपे आहे. ठरावानंतर तिथल्या एखाद्या विधवा बाईची सकाळ कशी जाते, हे मात्र तिच्याकडूनच कळते आणि ते चित्रात आणायचे की नाही, हेही तिनेच ठरवायचे असते.

आता साहित्य. रंगांच्या दुकानात जाण्यापूर्वी वाड्यातच पाहावे. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या खाणींच्या गावातून आलेले चित्रकार प्रभाकर पाचपुते यांनी खाणकामगारांचे जगणे कोळशानेच रेखाटले आणि त्यामुळे विषय व साधन यांत अंतर उरले नाही. वाड्याच्या बाबतीतही हे करता येते. उतरवलेल्या लाकडाच्या पेन्सिलीएवढ्या काड्या कराव्यात. मात्र ऑइलपेंटचा थर असलेले लाकूड घेऊ नये, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते आणि त्याचा धूर घातक असतो. पत्र्याच्या डब्यात काड्या गच्च भरून, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडून, डबा उघड्यावर पेटवलेल्या चुलीच्या निखाऱ्यांत ठेवावा. भोकातून येणारा धूर पूर्ण थांबला की डबा बाहेर काढून भोक ओल्या मातीने बंद करावे आणि दुसऱ्या दिवशीच उघडावे; गरम असताना उघडल्यास हवा लागून काड्या पेट घेतात. भिंतीतील पांढरी माती बादलीत कालवून, खडे तळाला बसले की वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावे, रात्रभर निवळू द्यावे आणि खाली बसलेला साका वाळवून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटावा. वाळलेला रंग बोटाला लागला तर डिंक कमी पडला आहे, तडकला तर जास्त झाला आहे. उंबरा, कोरीव तुळई, पाट्याची घडण यांवर पातळ कागद ठेवून मेणाच्या खडूने छाप घ्यावेत. माझ्या मते हे छाप चित्रापेक्षाही मोलाचे ठरतात, कारण त्यांत आपली कल्पना शिरत नाही.

साहित्य जमले की सर्वच मांडण्याचा मोह होतो, तो आवरावा. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली कोल्हापुरातच केलेल्या 'सावकारी पाश' या मूकपटात जमीन गमावलेला शेतकरी शहराची वाट धरतो. त्यातील काळोखी झोपडी आणि रडणारे कुत्रे यांचे एकच दृश्य पाहणाऱ्यांनी पुढे अनेक वर्षे सांगितले. आपल्या वहीतील शंभर नोंदींतून असे एकच दृश्य निवडावे. ते निवडण्यापूर्वी टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात जाऊन कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रे निवांत पाहावीत. जवळचाच परिसर वर्षानुवर्षे पाहत राहिल्याने हाताला काय मिळते, ते तिथे दिसते.

प्रदर्शन आधी पेठेत, तालमीच्या किंवा मंडळाच्या खोलीत भरवावे आणि मगच दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाच्या कलादालनाचा विचार करावा. तालमीत येणारा माणूस चित्राची स्तुती करीत बसत नाही. खुंटी कोणत्या हाताला होती, हे सांगतो, आणि अशा चुका दालनात जाण्यापूर्वी दुरुस्त करता येतात. वेळ बायकांच्या सोयीने ठरवावी, म्हणजे दुपारचे तीन ते पाच त्यांच्यासाठी राखून ठेवावेत आणि तसे घरोघरी जाऊन सांगावे. प्रत्येक कलाकृतीखाली जागा, तारीख आणि साहित्य लिहावे. घरच्यांची नावे मात्र त्यांनी होकार दिला तरच. वाड्यातून घेतलेल्या वस्तू यादीप्रमाणे परत कराव्यात आणि उंबऱ्याच्या छापाच्या जेवढी बिऱ्हाडे तेवढ्या प्रती काढून, भाडेकरूंसकट, ज्याच्या त्याच्या नव्या पत्त्यावर स्वतः नेऊन द्याव्यात.