आगंतुक शब्दाला कामाला कसे लावावे

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात वर्षानुवर्षे महाद्वारातूनच जाणाऱ्या माणसाला एके दिवशी कोणी घाटी दरवाजापाशी सोडले, तर तो पोहोचतो त्याच गाभाऱ्यापाशी, पण वाटेत त्याला जे दिसते ते निराळे असते. एखाद्या प्रश्नावर चार-चार दिवस विचार करूनही आपण त्याच दोन-तीन उत्तरांपाशी येऊन थांबतो, याचे कारण बहुधा अकलेची कमतरता हे नसून दरवाजा न बदलणे हे असते. प्रश्नाशी कसलाही संबंध नसलेला एक शब्द समोर ठेवून विचाराला सुरुवात करणे, हा दरवाजा बदलण्याचा एक सोपा उपाय आहे. ‘लॅटरल थिंकिंग’ (नेहमीची वाट सोडून आडवाटेने विचार करणे) ही संज्ञा १९६७ साली रूढ करणारे, माल्टात जन्मलेले डॉक्टर एडवर्ड डी बोनो (१९३३–२०२१) यांनी या उपायाला पद्धतीचे रूप दिले. त्यांच्या एका उदाहरणात ‘सिगारेट’ या विषयासमोर ‘वाहतुकीचा दिवा’ हा शब्द येतो, दिव्यातला लाल रंग सिगारेटवर उतरतो आणि ओढणाऱ्याला थांबण्याची आठवण करून देणारा लाल पट्टा तिच्या टोकाजवळ छापावा, अशी कल्पना निघते.

आधी प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहावा आणि तो जितका अरुंद करता येईल तितका करावा. ‘धंदा कसा वाढवावा’ हा प्रश्न नव्हे, ती चिंता झाली. ‘नवी कोल्हापुरी चप्पल पहिल्या आठवड्यात चावते, म्हणून परगावचे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, काय करावे’ हा प्रश्न झाला. ज्या प्रश्नाचे कारण शोधून काढता येते, त्याच्यासाठी मात्र ही पद्धत वापरू नये. कोल्हापुरातल्या उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्यात कास्टिंगला, म्हणजे धातूच्या ओतीव भागांना, छिद्रे पडू लागली, तर शब्दकोश उघडत न बसता आधी साच्याच्या वाळूतला ओलावा तपासावा.

यानंतर शब्द काढायचा, आणि तो खरोखरच यदृच्छेने निघाला पाहिजे. घरात जाडजूड शब्दकोश असेल तर दुसऱ्या कोणाला पानाचा आणि ओळीचा आकडा सांगायला लावावा, आणि त्या ओळीवर नाम नसेल तर खाली उतरत पहिले नाम येईल ते घ्यावे. मला यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आवडतो. १८३१ साली निघालेल्या आणि १८५७ साली वाढवून पुन्हा छापलेल्या त्या कोशात शेतातले, स्वयंपाकघरातले आणि बलुतेदारांच्या हत्यारांचे इतके शब्द आहेत की हाताला लागेल तो शब्द डोळ्यांसमोर वस्तू उभी करतो. कोश नसेल तर पाटा, कासरा, लोणचे, छत्री, वरात असे साठ शब्द एकदाच लिहून त्यांना आकडे द्यावेत आणि गरज पडेल तेव्हा घड्याळाचा सेकंदकाटा ज्या आकड्यावर असेल तो शब्द घ्यावा. ‘प्रगती’, ‘गुणवत्ता’ यांसारखी भाववाचक नामे यादीत ठेवू नयेत, कारण त्यांना वास, वजन, आवाज यांपैकी काहीच नसते आणि मग त्यांच्यातून काढण्यासारखेही काही उरत नाही.

निघालेला शब्द बदलायचा नाही, हा या पद्धतीतला एकमेव कडक नियम आहे. एकदा एका गटाबरोबर हा प्रयोग करताना भिडेखातर मी शब्द बदलू दिला. पहिला जमत नाही, दुसरा विचित्र आहे, असे करत मंडळी तिसऱ्या वेळी ‘सेवा’ या शब्दावर समाधानाने थांबली आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळ्यांनी तेच सांगितले जे ते गेल्या महिन्याच्या बैठकीत सांगत होते. माणसाला शब्द निवडू दिला की तो महाद्वारच निवडतो. समस्यापूर्तीत, म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या ओळीवरून कविता पुरी करण्याच्या खेळात, कवीला ती ओळ नाकारता येत नसे आणि त्यामुळेच त्याला एरवी न सुचलेले सुचत असे. इथेही तसेच आहे.

खरे काम यापुढे आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. शब्द मिळताच त्याची प्रश्नाशी गाठ मारायची घाई न करता, प्रश्न लिहिलेला कागद पालथा घालून चार मिनिटे फक्त त्या शब्दाचे तपशील लिहावेत. समजा, ‘लोणचे’ निघाले. मग लिहावे, की ते मुरायला दिवस लागतात, वर तेलाचा थर ठेवावा लागतो, बरणीच्या तोंडाला दादरा बांधतात, ओला चमचा घातलेला चालत नाही, पानात ते बोटभरच वाढतात, आणि नवे लोणचे झाले की चव बघायला शेजारी वाटीभर जाते. ‘आंबट’, ‘तिखट’ एवढ्यावर थांबलेली यादी उपयोगाची नाही. लोणचे घालताना कोणाला तरी जवळून पाहिले असेल त्यालाच सुचेल, इतका बारीक तपशील हवा.

आता प्रश्नाचा कागद उलटा करून एकेक तपशील त्याला लावून पाहावा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे सुरुवातीला ताठ असते आणि ते तेलाने व वापरानेच नरमते, म्हणजे चप्पलही एका अर्थी मुरावीच लागते. मग ती गिऱ्हाइकाच्या पायातच का मुरावी? दुकानातच तेल देऊन, वाकवून नरम केलेली ‘मुरलेली’ आणि नेहमीची ‘कोरी’ अशा दोन प्रती दोन भावांनी ठेवता येतील. बोटभर वाढण्यावरून, पहिल्या दिवशी घरातल्या घरात अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तासभर, असे लिहिलेली चिठ्ठी जोडाबरोबर द्यावी, हे सुचते. तेलाच्या थरावरून तेलाची छोटी बाटली सुचते, पण घरोघरी लोक तेल लावतातच, त्यामुळे त्यात नवे काही नाही. ओल्या चमच्यावरून ‘पावसात घालू नये’ एवढेच निघते आणि दादऱ्यावरून काहीच निघत नाही, तरी तेही कागदावर राहू द्यावे, कारण लिहितानाच खोडू लागले की हात आखडतो. शेजारी जाणारी वाटी मात्र कामाची निघते: वर्षभर वापरलेला एक जोड दुकानात ठेवावा, म्हणजे आज ताठ वाटणारी चप्पल पुढे कशी होणार, हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी गिऱ्हाइकाच्या पायालाच कळेल.

या टप्प्याला पाच-सहा मिनिटे पुरतात. काहीच जमले नाही तरी त्याच बैठकीत दुसरा शब्द काढू नये, उद्या काढावा. नाही तर मन पुढच्या शब्दाची वाट पाहू लागते आणि हातातला शब्द पिळत नाही.

निवड दुसऱ्या दिवशी करावी, आणि ते काम रोज करणाऱ्या माणसाला समोर बसवून करावी. मुरलेल्या चपलेला जागा लागेल, मजुरी वाढेल आणि हिशेब बदलेल, असे कारागीर सांगेल आणि त्याचे म्हणणे मानावे लागेल. चिठ्ठी छापायला छापखाना गाठावा लागेल. वापरलेल्या जोडाचा प्रयोग मात्र त्याच दिवशी संध्याकाळी सुरू करता येतो, कारण तसा जोड बहुतेक वेळा कारागिराच्या स्वतःच्या पायातच असतो.