कंपासने शेताचा ट्रॅव्हर्स: लोकल अट्रॅक्शनची चूक कशी काढावी

ट्रॅव्हर्स म्हणजे शेताच्या एका कोपऱ्यावरून (स्टेशनवरून) दुसऱ्यावर जात प्रत्येक रेषेची दिशा आणि लांबी मोजणे. जवळच्या लोखंडाने किंवा खडकाने कंपासची सुई ओढली जाते, ते लोकल अट्रॅक्शन. तिपाई रोवणे, कंपास समतल करणे, कंपासच्या खिडकीतला उभा केस पुढच्या स्टेशनवर रोवलेल्या रेंजिंग रॉडवर (निशाणाच्या काठीवर) धरणे हे येते असे समजून पुढे जातो. केस मात्र रॉडच्या तळाशी धरा, कारण रॉड कधीच सरळ उभा नसतो. प्रिझमॅटिक कंपासच्या तबकडीवर शून्य दक्षिणेला दिसते म्हणून गोंधळू नका. आपण वाचतो ते निशाणाच्या उलट बाजूला असलेल्या प्रिझममधून, म्हणून अंश तसे कोरलेले असतात. खुणा अर्ध्या अर्ध्या अंशाच्या असतात. त्यातून पाच मिनिटांपर्यंत (अंशाच्या बाराव्या भागापर्यंत) वाचून दाखवणाऱ्याच्या नादी लागू नका.

सुरुवात करण्यापूर्वी खिसे रिकामे करा. मोबाइल, किल्ल्या, कोयता, लोखंडी टेप, सगळे लांब. काटेरी तारेचे कुंपण, बोअरची केसिंग, वीजवाहिनी यांच्याजवळ स्टेशन घेऊ नका. कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय वेध मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले. आपल्या बांधावरच्या मोटारपंपाने सुई हलली तर नवल नाही.

प्रत्येक रेषेचे बेअरिंग, म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला तिचा कोन, दोन्ही टोकांवरून घ्या. ‘पुढचे घेतले की मागचे १८० मिळवून काढता येते’ हा सल्ला देणाऱ्याने कधी सह्याद्रीच्या पायथ्याला काम केलेले नसावे. आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असते, आणि उघड्या टेकडीवर वीज पडलेला खडक तर सुई सरळ फिरवतो. तिथे लोखंड लांब ठेवून भागत नाही. मागचे बेअरिंग घेतले नसेल तर ही चूक कळणारच नाही.

आता खरी अडचण. समजा चार स्टेशनांच्या शेतात ही वाचने आली (अब म्हणजे अ वरून ब कडे पाहून घेतलेले, बअ म्हणजे ब वरून अ कडे):

अब ४०°००′, बअ २२०°००′
बक १३०°३०′, कब ३१२°००′
कड २१६°३०′, डक ३४°३०′
डअ २९९°३०′, अड १२०°००′

अब आणि बअ यांत बरोबर १८०° फरक आहे, म्हणजे अ आणि ब स्टेशने निर्दोष धरायची. बाकी तिन्ही रेषांत गडबड आहे. इथे बहुतेक जण प्रत्येक रेषेत १८०° हून जेवढे कमी-जास्त आले तेवढे दोन्ही टोकांत निम्मे निम्मे वाटतात. हे करू नका. कडच्या दोन वाचनांत १८२° फरक आहे. एकेक अंश वाटला की कड २१५°३०′ आणि डक ३५°३०′ होते, फरक १८०° जुळतो आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात रेषा अर्धा अंश फिरलेली असते. १०० मीटरवर ती सुमारे ८७ सेंटीमीटर, म्हणजे बांधावरून भांडण होण्याइतकी.

चूक रेषेची नसते, स्टेशनची असते. सुई क वर ओढली गेली, तर क वरून घेतलेली सगळी वाचने तेवढीच चुकतात. ब निर्दोष, म्हणून बक १३०°३०′ बरोबर. मग कब ३१०°३०′ यायला हवे होते. आले ३१२°, म्हणजे क दीड अंश जास्त दाखवतो. तेवढे क वरच्या प्रत्येक वाचनातून वजा करा: कड २१५°. आता डक ३५° हवे, आले ३४°३०′, म्हणून ड वर सगळीकडे अर्धा अंश मिळवा: डअ ३००°. शेवटी अड १२०° शी ताडून पाहा. जुळले.

अधिक-उणेचे नियम पाठ करण्याच्या फंदात मी पडत नाही, त्यात मला पूर्वी हमखास गोंधळ व्हायचा. ‘काय यायला हवे होते’ ते आधी लिहायचे, मग ‘काय आले’ ते.

एकाही रेषेत १८०° जुळत नसेल, तर १८०° च्या सर्वांत जवळ येणारी रेषा निवडून फक्त तिच्यात निम्मे वाटा आणि तिथून असेच पुढे जा. निम्मे वाटायची परवानगी एवढीच.

एकाच स्टेशनवरच्या दोन बेअरिंगमधला कोन मात्र सुई बिघडली तरी बरोबरच राहतो, कारण दोन्हींत चूक सारखी असते. वरच्या कच्च्या वाचनांवरूनही शेताच्या आतले कोन ८०°, ८९°३०′, ९५°३०′ आणि ९५° निघतात, बेरीज ३६०°. म्हणून बेरीज जुळली एवढ्यावर बेअरिंग बरोबर समजू नका. उलट बेरीजच बिघडली, तर दोष खडकाचा नाही, वाचणाऱ्याचा. परत जाऊन मोजा.

चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक आपल्याकडे एक अंशाहून कमी आहे, कच्च्या नकाशासाठी तो सोडून द्या. आणि हद्दीचा वाद असेल तर कंपास घरी ठेवून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. तुमचा नकाशा कितीही नेटका असला तरी तिथे तो चालत नाही.