यट्रियम-९० उपचाराचे नियोजन: सरासरी मात्रेवर विसंबू नका

यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते, पण यकृताच्या कर्करोगाची गाठ बहुतांशी यकृत धमनीवर पोसली जाते. म्हणूनच यट्रियम-९० या किरणोत्सारी मूलद्रव्याचे सूक्ष्म मणी धमनीतून गाठीपर्यंत नेता येतात. त्यांच्या बीटा किरणांचा पल्ला ऊतींमध्ये सरासरी अडीच मिलिमीटर असतो आणि एकदा सोडलेले मणी परत काढता येत नाहीत, त्यामुळे सगळी दक्षता आधीच घ्यावी लागते.

रुग्णाची निवड करताना त्याची हिंडण्या-फिरण्याची क्षमता, जलोदर (पोटात साठलेले पाणी) आणि बिलिरुबिन (यकृताचे काम मंदावल्यास रक्तात वाढणारे पित्तद्रव्य) पाहावे. बिलिरुबिन प्रति डेसिलिटर २ मिलिग्रॅमच्या वर असल्यास मोठ्या भागावर उपचार सहसा टाळतात. गाठीचे व निरोगी यकृताचे आकारमान ट्रायफेजिक (तीन टप्प्यांत चित्रे घेणाऱ्या) सीटी किंवा एमआरआयवर मोजून ठेवावे.

यानंतर मॅपिंग अँजिओग्राफी, म्हणजे धमनीत कॅथेटर (बारीक नळी) घालून रक्तवाहिन्यांचा नकाशा काढण्याची तपासणी, करावी. जठराकडे व आतड्याकडे जाणाऱ्या शाखा ओळखाव्यात, कॅथेटर त्यांच्या पुढे नेता येत नसेल तर कॉइलने (धातूच्या बारीक वेटोळ्याने) त्या बंद कराव्यात आणि ठरवलेल्या जागी टेक्नेशियम-९९एम एमएए (मणी कुठे जातील याचा अंदाज देणारे चाचणीचे किरणोत्सारी कण) सोडावे. हे कण कुठे पोचले ते दाखवणारे स्पेक्ट-सीटी स्कॅन शक्यतो तासाभरात करावे. उशीर झाल्यास सुटे झालेले टेक्नेशियम जठरात दिसते आणि तीच गळती समजून उपचार विनाकारण रद्द होऊ शकतो. कॅथेटरच्या टोकाची जागा चित्रासह नोंदवावी, कारण उपचाराच्या दिवशी तीच साधायची असते.

ढोबळ सूत्र असे: १ किलो ऊतीत १ गिगाबेक्वेरेल (क्रियाशीलतेचे, म्हणजे किरणोत्साराच्या वेगाचे, एकक) सोडल्यास सुमारे ५० ग्रे (ऊतीने शोषलेल्या किरणांचे एकक) मात्रा मिळते. ५०० ग्रॅमच्या भागाला सरासरी १२० ग्रे हवे असल्यास १.२ गिगाबेक्वेरेल लागतील. मण्यांपैकी १० टक्के फुप्फुसाकडे जात असल्यास १.३३ गिगाबेक्वेरेल लागतील. फुप्फुसाचे वजन १ किलो धरल्यास त्याला सुमारे ७ ग्रे मिळतात. फुप्फुसासाठी एका वेळची मर्यादा ३० ग्रे आहे. मात्र ही सरासरी फसवी असते. त्या भागात गाठ २०० ग्रॅमची असेल आणि ती निरोगी ऊतीच्या चौपट मणी घेत असेल, तर गाठीला सुमारे २१८ व निरोगी यकृताला ५५ ग्रे मिळतात. हेच प्रमाण दीडपट असेल तर अनुक्रमे १५० व १०० ग्रे. फ्रान्समधील डोसिस्फिअर-०१ चाचणीत (२०२१) गाठीला किमान २०५ ग्रे देण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात ७१ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला, नेहमीच्या पद्धतीने मात्रा दिलेल्या गटात ३६ टक्के. त्यामुळे गाठ आणि निरोगी यकृत यांचे गणित वेगवेगळे मांडण्याचा कंटाळा करू नये, असे माझे ठाम मत आहे.

मणी परदेशी असोत वा भाभा अणु संशोधन केंद्राने विकसित केलेले, यट्रियमचे अर्धायुष्य ६४ तासांचेच असते. उपचार एक दिवस लांबला तर क्रियाशीलता सुमारे २३ टक्क्यांनी घटते. अशा वेळी जुनाच आकडा न वापरता हिशेब पुन्हा करावा. मणी सोडल्यानंतर ते कुठे साठले हे दाखवणारे पेट-सीटी स्कॅन करून प्रत्यक्ष मिळालेली मात्रा नियोजनाशी ताडून पाहावी आणि गाठीचा एखादा भाग सुटला असल्यास पुढील उपचाराचा निर्णय ट्यूमर बोर्डाकडे (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीकडे) न्यावा.