शास्त्रज्ञ आणि धोरणवाले रुजू होतात तेव्हा

पुण्यातल्या आमच्या ट्रस्टमधून आरोग्याच्या कामांना अनुदान दिलं जातं. नवीन माणसांना रुळवायचं काम माझ्याकडे. संशोधनातून आलेले आणि धोरणाचं काम करणारे शक्यतो एकाच आठवड्यात रुजू करून घ्या, नाहीतर दोन तट पडतात आणि जेवणाचे डबेसुद्धा वेगवेगळ्या टेबलांवर उघडतात. मार्च मात्र टाळा. तेव्हा सगळे उपयोगिता प्रमाणपत्रांच्या, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यांच्या, मागे असतात, धड कोणी बोलत नाही.

लॅपटॉप, ओळखपत्र, पीएफचे फॉर्म पहिल्याच दिवशी उरकून टाका. दुसऱ्या दिवशी दोघांपुढे मिळून एकच जुनी फाइल ठेवा, त्यातही नाकारलेल्या अर्जाची. तिच्यातले शेरे जास्त मोकळे असतात.

मग मी गडचिरोलीचा विषय काढते. डॉक्टर राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली. ३९ गावांत काम, तुलनेला ४७ गावं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी दिसला. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि देशभर आशांमार्फत अशा गृहभेटी सुरू झाल्या २०११ मध्ये. मधल्या बारा वर्षांत काय चाललं होतं, एवढंच विचारा आणि गप्प बसा. एक जण म्हणतो, पुरावा तर होता. दुसरा विचारतो, पैसे बजेटमधल्या कुठल्या लेखाशीर्षातून? वाद रंगू द्या.

पहिल्या पंधरवड्यात एक गृहभेट दाखवा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी कळवा, बाळाच्या घरच्यांची परवानगी घ्या. आशाताईंबरोबर आत एकानेच जायचं, हात धुऊन, मोबाइल खिशात ठेवून. ताई बाळाला झोळीत ठेवून काटा वर धरतात, तो स्थिरावेपर्यंत थांबतात, मग आकडा लिहितात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत अशा सहा भेटी. योजना आली तेव्हा सगळ्या भेटींचे मिळून आशाताईंना २५० रुपये ठरले होते. धोरणवाल्याला परतीच्या गाडीत एका भेटीचा हिशोब करायला लावा.

लेखा विभागाचा तासही ठेवा. परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, हा २०२० चा बदल शास्त्रज्ञांना हमखास ठाऊक नसतो.

महिनाअखेरीस दोघांकडून मिळून एक पानाचं टिपण घ्या. मराठीत, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला ओपीडी चालू असताना वाचता येईल असं, खाली दोघांच्या सह्या.