अंटार्क्टिकाच्या बोटीवर जाताय? मग निदान या चुका तरी टाळा

गेली काही वर्षं मी मराठी ग्रुप घेऊन अंटार्क्टिकाला जातोय. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला उशुआयाला बोट पकडायची, दोन दिवस ड्रेक पॅसेज म्हणजे मधला खवळलेला समुद्र, मग चार-पाच दिवस पेनिन्सुलाच्या, म्हणजे अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाच्या, बर्फात हिंडायचं आणि परत दोन दिवस ड्रेक. दर वर्षी माणसं नवीन, चुका त्याच. निघायच्या दोन महिने आधी मी व्हॉट्सॲपवर मोठा मेसेज टाकतो, सगळे अंगठा दाखवतात आणि कोणीही वाचत नाही. आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो, थोडी चिडचिड दिसली तर समजून घ्या.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. पांढरं अस्वल दिसणार नाही. ते उत्तरेला, स्वालबार्डकडे. पेंग्विन इकडे दक्षिणेला, दोघं एका फोटोत फक्त आइस्क्रीमच्या जाहिरातीत येतात. आणि 'आपलं मैत्री स्टेशन', म्हणजे भारताचं तिथलं संशोधन केंद्र, 'दाखवणार ना' हे प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी विचारतंच. विचारणारे बरेचदा गोव्याशी संबंधित असतात, कारण भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला मुरगावहून निघाली होती आणि ध्रुवीय संशोधनाची संस्था आजही वास्कोला आहे. अभिमान मलाही आहे हो, पण मैत्री पूर्व अंटार्क्टिकात आहे, आपण जातो त्या पेनिन्सुलापासून जवळजवळ ३००० किलोमीटर लांब. वाटेत नाही लागत.

'मला नाही बोट लागत'

हे वाक्य मी स्वतः बोललोय, त्यामुळे यावर जरा जास्त लिहिणार.

मी अलिबागचा. मांडवा-गेटवे लाँचने आयुष्य गेलं, भर जुलैत रेवसची फेरी केलेली, त्यामुळे पहिल्या ट्रिपला बोटीवरच्या डॉक्टरीणबाई गोळ्या वाटत होत्या तेव्हा मी ऐटीत नको म्हटलं. बोट संध्याकाळी उशुआयाहून सुटते आणि पहिले काही तास बीगल चॅनलमधून जाते, दोन्हीकडे डोंगर, पाणी तळ्यासारखं. सगळ्यांना वाटतं हाच तो ड्रेक, उगाच घाबरवत होते. मी सूप खाल्लं, पास्ता खाल्ला, दोनदा चॉकलेट मूस घेतलं, वर वाइन. रात्री दीडच्या सुमारास आधी बॅग केबिनच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली, मग टेबलावरची पाण्याची बाटली गेली, मग माझ्या पोटातलं सगळं गेलं. तेव्हा गोळी घेतली तर तीही पाच मिनिटांत बाहेर. शेवटी डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त बघितलं. पुढचा दीड दिवस मी गुडघे पोटाशी घेऊन पडून होतो, बाहेर अल्बट्रॉस बोटीबरोबर उडत होते ते रूममेटच्या फोनवर पाहिले.

आपल्या खाडीतल्या लाटेची आणि या लाटेची तुलनाच नाही. केप हॉर्नपासून साउथ शेटलंड बेटांपर्यंत साधारण ८०० किलोमीटरची ही फट, आणि त्या अक्षांशांवर वाऱ्याला आणि लाटेला अडवायला सबंध पृथ्वीच्या गोलात कुठे जमीनच नाही. कधीकधी ड्रेक शांत असतो, बोटीवरचे लोक त्याला ड्रेक लेक म्हणतात, नाहीतर ड्रेक शेक. तुमच्या नशिबी कोणता ते उशुआयात कळत नाही.

माझी सवय आता अशी, बोट सुटायच्या आधी तासभर गोळी. त्रास सुरू झाल्यावर घेतलेली गोळी म्हणजे पाऊस पडून गेल्यावर उघडलेली छत्री. ॲव्होमिन घ्या, दुसरी काही घ्या, पण घरून निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि सुट्टीच्या दिवशी घरी एकदा घेऊन बघा कारण काहींना इतकी झोप येते की जेवणाच्या ताटावर डुलकी लागते. कानामागे लावायचा पॅच मिळतो तो शेजाऱ्याने दिला म्हणून लावू नका, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो महागात पडतो, आणि आपल्या ग्रुपमध्ये साठीच्या पुढचेच जास्त असतात. पहिल्या रात्री वरणभाताएवढंच हलकं खायचं. केबिन घेताना खालच्या डेकवरची, बोटीच्या मधोमधची घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी. लोक जास्तीचे पैसे भरून सगळ्यात वरची बाल्कनीवाली घेतात आणि मग दोन दिवस त्या बाल्कनीकडे पाठ करून झोपतात.

आणि हो, चालताना एक हात कायम कठड्याला. दाराच्या चौकटीत बोटं ठेवू नका. उलटीवर औषध आहे, जड दारात चेंगरलेल्या बोटावर पुढचे आठ दिवस काही नाही.

कुसळं

हा माझा सगळ्यात लाडका विषय, कारण ही चूक खास आपली आहे.

अंटार्क्टिकात उतरायच्या आधी तुमचे बाहेरचे सगळे कपडे, बॅग, काठ्या, ट्रायपॉड तपासतात. ड्रेकमध्येच एक दिवस लाउंजमध्ये व्हॅक्यूम क्लीनर मांडून बसतात, प्रत्येकाने आपलं सामान साफ करायचं, तपासून घ्यायचं आणि कागदावर सही करायची. कारण साधं आहे, बाहेरचं बी तिकडे जायला नको. पेनिन्सुलावर स्वतःची फुलणारी झाडं दोनच, एक गवत आणि एक पर्लवर्ट. तरी पोआ ॲन्युआ नावाचं आपल्यासारख्यांच्या बुटांना चिकटून फिरणारं गवत किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या स्टेशनजवळ १९८५-८६ च्या उन्हाळ्यात उगवलेलं सापडलं आणि ते काढता काढता लोकांची वर्षं गेली.

आता आमचे एक काका. नाव नको. नाशिकचे, सह्याद्रीत पंचवीस वर्षं ट्रेकिंग, बॅग त्याच वयाची, तिच्यावर जीव. मी तीनदा लिहिलं होतं की जुनी ट्रेकची बॅग आणू नका. काका म्हणे स्वच्छ धुतलीय. धुतली होती खरंच, वास येत होता साबणाचा. पण ज्यांनी पावसाळ्यानंतर हरिश्चंद्रगड केलाय त्यांना माहितीय, कुसळ धुऊन निघत नाही, ते आणखी आत शिरतं. तपासणाऱ्या मुलीने बाजूच्या कप्प्याचं वेल्क्रो उघडलं आणि काही न बोलता चिमटा घेतला. एक कुसळ, दोन, पाच. मग कमरेच्या पट्ट्याचा फोम. मग पाठीची जाळी. खाली पांढऱ्या कागदावर छोटासा ढीग झाला, त्यात लाल मातीही. काका आधी हसत होते, मग गप्प झाले, मग मला म्हणाले, 'अहो सांगा ना हिला, हे साधं गवत आहे.' मी काय सांगणार, तेच तर तिचं म्हणणं होतं.

एवढ्यात काकूंच्या जॅकेटची पाळी आली. संक्रांत नुकतीच झालेली, ब्युनॉस आयर्सच्या हॉटेलमध्ये आम्ही सगळ्यांनी तिळगूळ वाटला होता आणि काकूंनी उरलेला खिशात ठेवला होता. खिसा उलटा केल्यावर शिवणीत तीळ. एकेक तीळ चिमट्याने. दीड तास गेला, आमच्या ग्रुपची कयाकिंगची माहिती सांगणारी बैठक हुकली, आणि काकांची बॅग शेवटपर्यंत पास झालीच नाही, केबिनमध्येच राहिली. कॅमेरा त्यांनी पाच दिवस जॅकेटच्या आत पोटाशी धरून नेला.

मी काय करतो सांगतो. निघायच्या आठवडाभर आधी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसायचं, डोक्याला हेडटॉर्च, हातात जुना टूथब्रश, चिमटा आणि सेफ्टी पिन. सगळी वेल्क्रो उघडायची, सगळे खिसे उलटे, पॅंटच्या खालच्या दुमडी उलट्या, बुटांच्या तळाच्या खाचा पिनने कोरायच्या. शेवटी सेलोटेप फिरवायची. 'आदल्या रात्री करू' म्हणणाऱ्यांचं कधीच होत नाही, आदल्या रात्री ते भाकरवडी पॅक करत असतात. सरळ एक नवीन साधी वॉटरप्रूफ बॅग घ्या, सगळा प्रश्न मिटतो. आणि किनाऱ्यावर खाऊ न्यायचा नाही, चिवडा नाही, चिक्की नाही, खिशात बडीशेपसुद्धा नाही.

उतरताना आणि परत चढताना बूट गुलाबी जंतुनाशक पाण्यात घासावे लागतात, दर वेळी. २०२३ मध्ये बर्ड फ्लू साउथ जॉर्जिया बेटावर पोचला, पुढच्या वर्षी पेनिन्सुलावर सापडला, तेव्हापासून किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बॅग खाली ठेवायची नाही. फोटोसाठी लोळण घेतलीत तर तुमची फेरी तिथेच संपली समजा.

स्वस्तातली आणि झटपट अंटार्क्टिका

बुकिंग करताना बोटीवर किती प्रवासी आहेत ते विचारा. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असतील तर ती बोट माणसं उतरवतच नाही, लांबून बर्फ बघायचा आणि परत. एका वेळी एका जागी किनाऱ्यावर फक्त १०० माणसं चालतात, म्हणून २०० च्या बोटीवर अर्धे लोक खाली असताना अर्धे झोडियाकमध्ये, म्हणजे छोट्या रबरी बोटीत, फिरतात किंवा थांबतात. फारच स्वस्त पॅकेज दिसलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो. ड्रेक टाळायला चिलीतल्या पुंता आरेनासहून किंग जॉर्ज बेटावर दोनेक तासांत विमानानेही जाता येतं, पण तिथे धुकं बसलं की विमान निघत नाही आणि तुम्ही हॉटेलात बसून राहता. ज्यांना खरंच समुद्र झेपत नाही त्यांनी जावं, बाकीच्यांनी 'दोन दिवस वाचतात' म्हणून जाऊ नये. त्या दोन दिवसांतच तर पाण्याचा रंग बदलतो, हवा बदलते, पहिला हिमनग दिसतो तेव्हा सगळी बोट डेकवर येते.

बोट सुटायच्या दिवशी उशुआयात पोचायचं प्लॅनिंग तर करूच नका. आंतरराष्ट्रीय विमान बहुतेक वेळा ब्युनॉस आयर्सच्या एझेइझा विमानतळावर उतरतं, उशुआयाचं विमान बहुतेक वेळा शहरातल्या एरोपार्के विमानतळावरून सुटतं, मध्ये तासाभराचं ट्रॅफिक. बॅग हरवली तर ती तुमच्या मागे बोटीवर येत नाही. मी दोन रात्री आधी पोचतो. एकाने माझं न ऐकता स्वतःचं तिकीट काढलं, त्याने आठ दिवस बोटीवरच्या दुकानातल्या दोन टीशर्टवर काढले, दोन्हीवर पेंग्विन.

'आज लेमेर होतं ना?'

लोक महाबळेश्वरचे पॉइंट मोजावेत तसे मोजतात. लेमेर चॅनल झालं का, नेको हार्बर झालं का, पोर्ट लॉकरॉय राहिलं. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं ते फक्त इच्छा म्हणून, ठरवतो बर्फ आणि वारा. लेमेर ११ किलोमीटर लांब आणि दीडेक किलोमीटर रुंद, दोन्हीकडे उभे कडे, त्यात बर्फ भरला की कॅप्टन बोट वळवतो आणि वाद घालून काही होत नाही. आमच्या एका साहेबांनी हायलाइटर मारलेला प्रिंटआउट घेऊन एक्स्पिडिशन लीडरकडे लेखी कारण मागितलं. ती शांतपणे त्यांना ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीत, घेऊन गेली आणि खिडकीतून समोर दाखवलं. पाणी दिसतच नव्हतं, नुसता भुगा आणि मधे घराएवढे तुकडे. साहेब खाली आले आणि प्रिंटआउट घडी करून खिशात.

नेकोला हिमनदी अगदी समोर आहे, तिचा कडा कोसळला की लाट किनाऱ्यावर येते, म्हणून तिथे उतरल्या उतरल्या वर चढायचं, पाण्याजवळ उभं राहून जॅकेटची चेन लावत बसायचं नाही.

पेंग्विनपासून ५ मीटर लांब. तो तुमच्याकडे आला तर तुम्ही जागचे हलू नका. बर्फात त्यांच्या येण्याजाण्याच्या खोल वाटा असतात, त्यात पाय ठेवू नका, तुमच्या पायाच्या खड्ड्यात तो पडतो. फर सीलपासून १५ मीटर, आणि तो गोड दिसतो यावर जाऊ नका, धावतो.

बाकी पटापट. जाडजूड जॅकेट विकत घेऊ नका, बहुतेक बोटी जॅकेट देतात आणि गमबूटही, उन्हाळ्यात तापमान शून्याच्या आसपासच असतं. तुम्हाला हवी ती वॉटरप्रूफ पॅंट, तीच सगळे विसरतात, उशुआयात भाड्याने मिळते. हातमोज्यांचे दोन जोड. झोडियाकमध्ये चढताना हात हातात नाही द्यायचा, मनगट मनगटाने पकडायचं, आणि दोन्ही हात मोकळे, फोन खिशात. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, आणि बाहेरून येताना कॅमेरा बॅगेत बंद करूनच आत आणा नाहीतर लेन्सला आतून घाम येतो. ड्रोन घरी ठेवा. पिल्लं बघायची तर जानेवारी, व्हेल भरपूर हवे तर फेब्रुवारी-मार्च, नोव्हेंबरात पिल्लं कुठेयत म्हणून मला विचारू नका. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळी सांगा, ड्रेकमध्ये नाही.

आणि यलो फिव्हरची लस. अर्जेंटिना भारताच्या यलो फिव्हरवाल्या देशांच्या यादीत आहे, ब्राझीलमार्गे आलात तर तेही. सर्टिफिकेट लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. जाताना बरेचदा कोणी विचारत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. विचारतात ते परत आल्यावर, मुंबईला उतरल्यावर, पहाटे तीनला, आणि त्या काउंटरवर पेंग्विनचे फोटो दाखवून कोणी सोडत नाही.