कापडी पुस्तक शिवायचे तर आधी कण्याचा विचार करा

लहान मुलांसाठी कापडी पुस्तक कसे शिवायचे हे सांगणारे बहुतेक जण फेल्टच्या, म्हणजे न विणता दाबून केलेल्या जाड कापडाच्या, फुलपाखरांपासून सुरुवात करतात. फुलपाखरू कसे कापायचे, डोळे कुठे लावायचे, रंग कोणते घ्यायचे हे सगळे सविस्तर असते, आणि पाने जोडायची वेळ आली की ‘आता सगळी पाने एकत्र शिवून घ्या’ एवढ्या एका ओळीवर काम संपवतात. माझे पहिले पुस्तक याच ओळीवर बिघडले. त्यानंतर भाचरांसाठी, शेजारच्या मुलांसाठी आणि एका बालवाडीसाठी मिळून वीसेक पुस्तके हातून झाली. आता मी पहिले फूल कापायच्या आधी कणा, म्हणजे सगळी पाने जिथे जोडली जातात ती मधली पट्टी, ठरवते, कारण पुस्तक तिथेच बनते किंवा तिथेच बिघडते.

तुम्हाला साधे मशीन चालवता येते आणि कापड आधी धुऊन, इस्त्री करून ठेवले आहे असे धरून चालते.

कापड आणि मापे

पानांसाठी जाड मांजरपाट किंवा पातळ कॅनव्हास घ्या. पूर्ण झालेले पान २० सेंटीमीटर चौरस आणि पुढचे-मागचे पान धरून पाने १२, असे माझे ठरलेले माप आहे. यापेक्षा मोठे पुस्तक दोन वर्षांच्या मुलाला उचलत नाही, आणि लहान पानावर दोन्ही हात मावत नाहीत. ११० सेंटीमीटर पन्ह्याचे कापड पाऊण मीटर पुरते, पण आटण्याचा हिशेब धरून मी एक मीटर आणते.

चित्रांसाठी मऊ फेल्ट सोयीचे. त्याचे दोरे निघत नाहीत, म्हणून कडा दुमडाव्या लागत नाहीत. बाजारातले बहुतेक फेल्ट ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचे असते, ते गरम इस्त्रीखाली वितळते. वर सुती फडका टाकूनच इस्त्री फिरवा.

घरातल्या जुन्या खणाचे, साडीच्या काठाचे तुकडे जरूर वापरा. पण पुस्तक मुलाच्या तोंडात जाणार आहे, तेव्हा प्रत्येक रंगीत तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर जोराने घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा कितीही सुंदर असो, पुस्तकात नको. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असे अजून सांगितले जाते. रंगवून विकायला आलेल्या कापडाचा रंग तसा पक्का होत नाही, आणि हे मी लाल खणाचे तीन तुकडे वाया घालवून शिकले.

पानांचा क्रम: इथे घाई करू नका

मी पाने सुटी शिवत नाही. वहीसारखे तीन जोडताव करते, मध्ये दुमडते आणि दुमडीवर एकच टीप मारते. जोडताव म्हणजे दोन लांब तुकडे पाठीला पाठ लावून शिवलेला ताव, त्याच्या प्रत्येक बाजूला शेजारी शेजारी दोन पाने. सुटी पाने एकावर एक रचून कडेला शिवायची म्हटली तर बाराही पानांचे मिळून कापडाचे १२ थर सुईखाली येतात. घरच्या मशीनची सुई त्यात मोडते, आणि शिवले गेलेच तर पुस्तक सपाट उघडत नाही. जोडतावात सुईखाली फक्त सहा थर येतात. लोखंडी रिंगा घालायचा सल्लाही मिळतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात मी त्या देणार नाही. त्या उघडतात, बोट चिमटते आणि पाने एकेक करून निघून येतात.

जोडतावात एकच अडचण आहे, पण ती मोठी आहे. कापडावर शेजारी असलेली पाने पुस्तकात शेजारी येत नाहीत.

माझ्या पहिल्या पुस्तकात आगगाडी होती. एका लांब कापडाच्या डाव्या अर्ध्यावर इंजिन, उजव्या अर्ध्यावर डबे आणि दोन्हींखालून जाणारा काळ्या नाडीचा रूळ. तीन रात्री बसून ते हाताने शिवले होते. पुस्तक जोडले तेव्हा इंजिन चौथ्या पानावर होते आणि डबे नवव्या. इंजिनासमोर पाचव्या पानावर वांग्याचे झाड उभे होते. सगळे उसवावे लागले, आणि फेल्टमधून बारीक टाके उसवले की फेल्टही फाटते.

म्हणून आधी कागदाचे पुस्तक करा. तीन कोरे कागद एकात एक ठेवून मध्ये दुमडा आणि पहिल्या पानापासून १ ते १२ आकडे घाला. मग कागद सुटे करा. बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला १२ आणि १ दिसतील, दुसऱ्या बाजूला २ आणि ११. मधल्या कागदावर १० आणि ३, उलटून ४ आणि ९. सर्वांत आतल्यावर ८ आणि ५, उलटून ६ आणि ७. कापडाच्या सहाही तुकड्यांवर दोन पानांची बेरीज १३ यायला हवी आणि सम आकडा नेहमी डावीकडे हवा. बेरीज चुकली तर तुकडा चुकला.

या यादीत एकच जोडी अशी आहे जी कापडावरही शेजारी आहे आणि वाचतानाही समोरासमोर येते: ६ आणि ७. दोन पानांवर पसरणारे मोठे चित्र, मग ती आगगाडी असो, नदी असो की दिंडी, फक्त तिथे. बाकी प्रत्येक पान स्वतंत्र ठेवा.

आकड्यांच्या चिठ्ठ्या करून त्या त्या पानाच्या वरच्या कडेला सेफ्टी पिनने लावा. वरच्याच कडेला, कारण ‘वर’ कुठे आहे हेही विसरले जाते. एकदा माझ्या हातून एका तावाची मागची बाजू उलटी शिवली गेली होती. अगदी शेवटची टीप पडेपर्यंत चिठ्ठ्या काढू नका.

आता कापडाची रुंदी. तिन्ही ताव सारख्या मापाचे कापले तर जोडल्यावर आतली पाने बाहेर डोकावतात आणि पुढचे-मागचे पान आखूड पडते. कागदाच्या वहीत हे फारसे जाणवत नाही, पण फेल्ट आणि बकरम (कापड ताठ ठेवणारे अस्तर) घातलेले पान अर्धा सेंटीमीटर जाड होते. बाहेरच्या तावाला आतल्या सगळ्या जाडीला वळसा घालून जायचे असते, म्हणून त्याला जास्त कापड लागते. मी दोन पानांच्या मधोमध कण्याची जागा सोडते: आतल्या तावाला १ सेंटीमीटर, मधल्याला २, बाहेरच्याला ३. चारही बाजूंनी १ सेंटीमीटर माया (शिवणीत जाणारे जादा कापड) धरली की कापायची मापे अशी येतात: आतला ताव ४३ × २२, मधला ४४ × २२, बाहेरचा ४५ × २२ सेंटीमीटर. प्रत्येकी दोन तुकडे.

पान ताठ राहावे म्हणून शर्टाच्या कॉलरला लावतात ते इस्त्रीने चिकटणारे बकरम घ्या, साडेएकोणीस सेंटीमीटरचे सहा चौकोन. प्रत्येक तावाच्या दोन तुकड्यांपैकी एकाच्याच उलट बाजूला दोन चौकोन चिकटवा. कण्याच्या जागेत आणि मायेत बकरमचा धागाही जाऊ देऊ नका. तिथे बकरम आले की ना दुमड नीट बसते, ना सुई चालते. पुठ्ठा घालू नका, पहिल्याच धुण्यात त्याचा लगदा होतो.

पानांवर काय असावे

बालशिक्षणाच्या मॉंटेसरी साधनांत कपड्यांच्या बंधांच्या लाकडी चौकटी असतात. एका चौकटीवर फक्त बटणे, दुसरीवर फक्त हूक, तिसरीवर फक्त नाड्यांच्या गाठी. ही पद्धत घडवणाऱ्या मारिया मॉंटेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि इथल्या शिक्षकांना त्यांनी स्वतः शिकवले. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले तेव्हा महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तू घेतल्या. कापडी पुस्तक शिवताना या दोन्ही गोष्टी मी धरून चालते: एका पानावर बोटांना एकच काम, आणि ते काम मुलाच्या घरात रोज दिसणारे.

तव्यावरून डब्याच्या खिशात जाणाऱ्या फेल्टच्या पोळ्या, चेन ओढून दार उघडणारी लाल एसटी, वेल्क्रोने चिकटलेली वांगी, परकर-पोलक्यातल्या मुलीची तीन नाड्यांची वेणी, टिचबटणाने बंद होणारे दप्तर. सोपे ते पुढे, अवघड ते मागे: वेल्क्रो आणि चेन आधी, मोठे बटण त्यानंतर, टिचबटण त्याच्याही नंतर. टिचबटण सोपे वाटते, पण ते दाबायला बोटात बराच जोर लागतो. नाडीची गाठ शेवटच्या पानावर. ती चार-पाच वर्षांच्या मुलालाच जमते. वेल्क्रोची खरखरीत बाजू सुट्या तुकड्याला लावू नका, ती दुसऱ्या पानांचे फेल्ट खरवडते. ती पानावर, मऊ बाजू तुकड्यावर.

चित्रे काजटाक्याने, म्हणजे बटणाच्या काजाला घालतात त्या टाक्याने, शिवा. कण्याच्या बाजूला अडीच सेंटीमीटर आणि बाकी तीन बाजूंना दोन सेंटीमीटर जागा पूर्ण मोकळी ठेवा, नाहीतर पुढे मशीनचा फूट बटणावर चढतो.

डिंकाने किंवा ग्लू गनने चिकटवून वेळ वाचवा असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. चिकटवलेला तुकडा धुण्यात सुटतो, आणि त्याआधीच मूल नखाने त्याची कड उचलते. तो तुकडा मग कुठे जातो हे प्रत्येक आईला माहीत आहे.

खेळण्यांच्या तपासणीत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरतात. त्यात जी वस्तू न दाबता पूर्ण मावते ती घशात अडकण्याइतकी लहान समजतात. या वयाच्या मुलासाठी मी मणी, टिकल्या, हलणारे डोळे आणि शर्टाची बटणे वापरतच नाही. डोळे दोऱ्याने भरते. सुटे होणारे सगळे तुकडे मुलाच्या तळहातापेक्षा मोठे कापते किंवा छोट्या फितीने पानाला बांधून ठेवते. फीत किंवा नाडी २० सेंटीमीटरहून लांब नको, ती गळ्याभोवती जाऊ नये. लोहचुंबक कोणत्याही वयाच्या पुस्तकात नको. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्यांच्या भिंतींमधून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकते. ‘आत शिवून टाकले की सुरक्षित’ हा सल्ला मला मान्य नाही, कारण शिवण उसवते.

मोठ्या मुलाच्या पुस्तकात बटण लावताना पानाच्या उलट बाजूला कॅनव्हासचा दुहेरी तुकडा ठेवा आणि त्यासकट दुहेरी पॉलिएस्टर दोऱ्याने शिवा. बटणाखाली काडेपेटीची काडी धरून टाके घाला, काडी काढा आणि उरलेल्या ढिल्या दोऱ्याभोवती दोरा गुंडाळून मान तयार करा. मान नसेल तर बटण जाड फेल्टच्या काजात शिरत नाही आणि मूल ओढत राहते. मग दोन्ही हातांनी पूर्ण जोर लावून ओढून पाहा. हलले तर पुन्हा शिवा.

ताव शिवणे

चिठ्ठ्या पाहून जोडीचे तुकडे सुलट्यावर सुलट ठेवा: १ च्या तोंडावर २, ३ च्या तोंडावर ४, ५ च्या तोंडावर ६. वरची कड वरच्या कडेवर. खालच्या कडेला १० सेंटीमीटर उघडे सोडून चारही बाजूंनी टीप मारा, कोपऱ्यांची माया तिरपी कापा, उलटवा. कोपरे कात्रीच्या टोकाने काढू नका, चमच्याची दांडी घ्या. इस्त्री करून उघडी जागा आत दुमडा आणि कडेला चौफेर एक काठटीप द्या.

कण्याची टीप

तिन्ही ताव उघडे, एकावर एक: सर्वांत खाली बाहेरचा, त्याच्या १२ आणि १ या बाजू टेबलाला टेकलेल्या, सर्वांत वर ६ आणि ७. प्रत्येकाच्या कण्याची मधली रेघ आधीच खडूने आखलेली असावी. या जाडीत टाचण्या वाकतात आणि थर सरकतात, म्हणून रेघेवर हाताने कच्चा टाका घाला. मग पुस्तक एकदा दुमडून पाने उलटून पाहा आणि आकडे मोठ्याने मोजा. चूक अजूनही दोन मिनिटांत सुधारता येते.

मशीनला १६ नंबरची सुई, टाका ४ मिलिमीटर. उजवीकडची पाने गुंडाळी करून मशीनच्या हाताखाली घाला. पॅडल किंवा मोटर वापरू नका, चाक हाताने फिरवा. सुरुवातीला आणि शेवटी चार-चार टाके मागेपुढे. मग त्याच रेघेवर दुसरी टीप.

मशीन अडले तर जोर करू नका. दाभणाने रेघेवर अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरवर भोके पाडा आणि गोधडीच्या सुईने, दुहेरी दोऱ्याने उलटी टीप (प्रत्येक टाका एक पाऊल मागे घेऊन) घाला. हे काम तासाभराचे आहे आणि मशीनइतकेच पक्के होते. दप्तरे-बॅगा दुरुस्त करणाऱ्याच्या मशीनवर तीच टीप मिनिटात पडते. पण चिठ्ठ्या तशाच ठेवून घेऊन जा आणि रेघ त्यांना स्वतः दाखवा.

धुताना सुटे तुकडे काढून ठेवा, चेन आणि वेल्क्रो बंद करा, गार पाण्यात साबणाने हाताने धुवा. पिळू नका. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि मधल्या पानावर उघडून, दोरीवर कण्यावरच टांगा. वाळल्यावर प्रत्येक बटण पुन्हा एकदा ओढून पाहा. दर धुण्यानंतर.